बांधाचा पिक्चर घेऊन डोंगरात

चीन मी पाहिलेला नाही. पण चीनमधला एक अख्खा डोंगर जीपमध्ये घालून मी नाशिक जिल्ह्यात फिरवून आणला आहे. ज्यांना आमच्याबरोबर येता आलं नाही त्यांच्यासाठी तो प्रवास लिहून काढतो आहे. लिहिण्याची सवय नाही. शाळा सातवीतच सुटली. चुकलं तर सांभाळून घ्या.

इंदिरानगर

मी भंडारा जिल्ह्यातला, झाडीपट्टीतला. आमच्याकडे धान पिकते आणि दिवाळीनंतर गावोगाव नाटक होते. नाशिकला आलो तो अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर. तिथून इंदिरानगरातल्या फिल्म क्लबात कसा शिरलो, तर अनुताईंमुळे. अनुताई एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायच्या आणि रविवारी क्लब चालवायच्या. त्यांना खुर्च्या मांडायला, पडदा बांधायला माणूस हवा होता. पुढे प्रोजेक्टर लावायचं काम त्यांनी मला शिकवलं, मग कारखाना सोडायला लावून क्लबाची जीप चालवायला दिली. 'शालिक, तू घाबरतोस म्हणूनच तुझ्या हातून काही मोडत नाही,' असं त्या म्हणायच्या. मी वायरी पुन्हा पुन्हा तपासतो, झाकण लावलं की उघडून परत लावतो. घरापासून इतक्या लांब असलेल्या माणसाच्या हातून काही मोडलं तर त्याला कोण ठेवून घेईल, हे सतत डोक्यात असायचं.

पिक्चर सुरू करून द्यायचा आणि चहाला जायचं, असा माझा नेम होता. एका रविवारी चीनचा पिक्चर लागला आणि माझा चहा राहिला.

त्या पिक्चरचं नाव आमच्यापैकी कुणाच्याच तोंडात नीट बसत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला 'बांधाचा पिक्चर' म्हणायचो. गोष्ट वितभर. डोंगरातलं एक गाव. मुलगा शहरात कारखान्यात गेलेला. घरी म्हातारा बाप आणि सून. पावसात त्यांच्या उतारावरच्या शेताचा दगडी बांध वाहून गेलेला. दोघं हिवाळाभर दगड वाहून तो बांध परत रचतात. एकमेकांशी बोलत नाहीत, कारण मुलाला शहरात म्हाताऱ्यानेच धाडलेलं असतं आणि सुनेच्या मनात तो राग असतो. झालं. ना गाणं, ना भांडण.

पण दिसायचं काय! सुरुवातीला पडदाभर धुकं. कितीतरी वेळ नुसतं धुकं, आणि आतून दगडावर दगड ठेवल्याचा आवाज. ठक. मग बराच वेळ काही नाही. परत ठक. मला वाटलं मशीन बिघडली, मी धावत जाऊन भिंग पुसलं. मग धुकं वर सरकलं आणि अख्ख्या डोंगराच्या उतारावर दोन माणसं दिसली, मुंगीएवढी, एक या टोकाला, एक त्या टोकाला. सगळा पिक्चर राखाडी. दगड राखाडी, आभाळ राखाडी, म्हाताऱ्याची दाढी राखाडी. फक्त सुनेची वाकळ लालभडक. ती वाळत घातली की डोळे दुसरीकडे जायचेच नाहीत. कॅमेरा अंधाऱ्या घरात बसून राहायचा आणि दाराच्या चौकटीतून उजेडातली माणसं येताना-जाताना बघायचा, जशी माझी माय कामं आवरल्यावर उंबऱ्याच्या आत बसून रस्ता बघते.

आमच्याकडच्या नाटकात दुःख झालं की माणूस छाती बडवून घेते, पेटी वाजते, बाया पदर लावतात. इथे म्हातारा फक्त एक दगड उचलतो, परत खाली ठेवतो आणि दुसरा उचलतो. इतकं हळू बोलूनही कुणी इतकं आत जाऊ शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

पिक्चर संपल्यावर चर्चा व्हायची. क्लबातले मोहिते सर, निवृत्त इंजिनिअर, म्हणाले, "हे बघायला डोळा तयार व्हावा लागतो. गावाकडे नेलं तर दहा मिनिटांत लोक उठून जातील."

खुर्च्या उचलता उचलता मी बोलून गेलो, "बसतील सर."

सगळ्यांनी वळून बघितलं. माझ्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

अनुताई म्हणाल्या, "शालिक म्हणतोय तर नेऊन बघू या की."

मोहिते सर सरळ माणूस. म्हणाले, "चला. दिवाळीनंतर एक फेरी करू, मी स्वतः येतो. एका तरी गावात लोक शेवटपर्यंत बसले तर गावोगाव पिक्चर दाखवायचं काम आपण चालू ठेवू. नाही बसले तर हा विषय कायमचा बंद."

विषय बंद म्हणजे जीप बंद, आणि मी परत कारखान्यात. पण त्याहून मोठी भीती निराळीच होती. ज्यांनी मला बसायला खुर्ची दिली, त्यांच्यासमोर मी शब्द टाकला होता.

सटाणा

देवळा ओलांडलं की हवेला कांद्याचा वास लागतो. लाल कांद्याचे दिवस होते. ट्रॅक्टरांच्या रांगेमागून आमची जीप सटाण्यात शिरली. आमची सोय एका कांदा व्यापाऱ्याच्या शेडमध्ये होती. त्यांना सगळे आबा म्हणत. माणूस दिलदार, बोलणं अहिराणी. शेड झाडून, ताडपत्री अंथरून ठेवलेली. आणि दारात खडूने लिहिलेला फळा: 'आज चायनीज पिक्चर. जबरदस्त फायटिंग.'

अनुताई म्हणाल्या, "आबा, यात फायटिंग नाहीये हो."

आबा हसले. "ताई, चीनना पिक्चर शे म्हंजे मारामारी व्हईच ना! तुम्ही काळजी करू नका, बठा गाव येई."

आणि खरंच सगळं गाव आलं. पोतीवाले हमाल आले, ड्रायव्हर आले, शेतकरी आले, पोरांचा तर नुसता पूर. मोहिते सर मागे स्टुलावर हाताची घडी घालून बसले.

धुकं सुरू झालं. ठक.

"ओ भाऊ, धूर निंघी राहिना मशीनमाईन!"

"धूर नही रे, थंडी शे तठे."

हशा. धुकं वर गेलं, दोन माणसं दिसली. लोक जरा पुढे सरकले. आता एक जण दुसऱ्यावर धावून जाणार, असं त्यांना वाटलं असावं. म्हाताऱ्याने दगड उचलला तेव्हा एकाने शिट्टी मारली. म्हाताऱ्याने दगड बांधावर ठेवला.

"मारामारी कव्हय शे?"

"हाऊ ते नुसता दगडच उचली राहिना!"

"दगड देखाले चीनले कसाले जावो? मना वावरमा ये ना, फुकट दाखाडस!"

एवढा हशा झाला की मलाही हसू फुटलं. चांगला विनोद होता, काय करणार. पण हसता हसता लोक उठले. आधी पोरं, मग ड्रायव्हर. लाल वाकळ पडद्यावर आली तेव्हा शेडमध्ये आबा, आबांचा मुनीम आणि आम्ही तिघं उरलो होतो. मुनीम झोपला होता.

आबांना फार वाईट वाटलं. त्यांनी आम्हाला घरी नेऊन शेवेची भाजी आणि कळण्याची भाकरी वाढली. भाजीवर तर्री अशी की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिखटाचंच आहे असं मला सगळ्यांना दाखवता आलं. आमच्याकडे लाखोळीच्या डाळीत एवढं तिखट घातलं तर पाहुणा जेवणार नाही. इथे तिखट कमी घातलं तर पाहुणा रुसतो म्हणे.

"पुढला टाईमले मारामारीना आना," आबा समजुतीने म्हणाले.

मोहिते सर चष्मा पुसत राहिले. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

कळवण

सटाण्याहून कळवणला जाताना मी गाडी चालवत होतो, पण डोकं दुसरीकडेच. चूक कुठे झाली? लोकांना गोष्ट कळली नाही, ती चूक. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती कोण वाचणार? मलाही अर्थ अनुताईंनीच सांगितलेला होता. मग मीच बोलत गेलो तर?

अनुताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बोल. तुला जमेल."

कळवणला एका बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिरात खेळ होता. तिथल्या एका शिक्षकांनी बोलावलं होतं. लोक वेळेवर आले. कारकून, मजूर, शिक्षक, कॉलेजातल्या मुली. एक आजी अगदी पुढे बसल्या, पांढरं लुगडं, डोळ्यांवर जाड भिंग. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"भाऊ, चीनमध्ये आपल्या बुद्धाच्या लय मोठ्या मूर्ती हायेत म्हणतात. दिसतील ना?"

"आजी, यात नाहीत हो. डोंगर आहे."

"बरं. डोंगर तर डोंगर. गौतमानंबी डोंगरच बघितले असतील."

धुकं सुरू झालं तसा मी हातात माईक घेतला. मग काय झालं ठाऊक नाही, आमच्या गावचं नाटक माझ्या अंगात शिरलं. म्हाताऱ्यासाठी घोगरा आवाज काढला. सुनेसाठी बारीक काढला. "अरे देवा, या दगडानं माझं कंबरडं मोडलं!" असं मीच म्हाताऱ्याच्या तोंडी घातलं, पिक्चरमध्ये तो तसं काही म्हणत नव्हता. लोक हसले. मी आणखी फुगलो. सून भांडी घासताना, "या म्हाताऱ्यानं माझा धनी लांब पाठवला गं बाई," असा टाहो फोडला. दोन बायांनी डोळे पुसले.

संपेपर्यंत एकही माणूस उठला नाही. टाळ्या पडल्या. शिक्षकांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. आजी म्हणाल्या, "लय ग्वाड बोलतो पोरगा." मी मोहिते सरांकडे बघितलं. शर्टाची बटणं तुटतील असं वाटत होतं, इतकी छाती फुगली होती.

सर म्हणाले, "लोक बसले, हे खरंय. पण पडद्यापुढे बसले की तुमच्यापुढे? हे गाव मला हिशोबात धरवत नाही, शालिक. तुम्ही सांगा, तुम्हाला धरवतंय का?"

मी अनुताईंकडे वळलो.

"तू छानच बोललास," त्या म्हणाल्या. "पण वाडगा कुणी बघितला?"

आणि माझी छाती जागेवर आली.

वाडग्याचं असं आहे. सून म्हाताऱ्याला जेवण वाढते तो वाडगा एका बाजूने फुटलेला असतो. रागात असते तेव्हा ती फुटका काठ त्याच्याकडे करून ठेवते. म्हातारा मुकाट त्याच काठाने पितो. अर्धा पिक्चर असाच जातो. मग एके दिवशी दोघं मिळून एक मोठा दगड बसवतात, आणि संध्याकाळी ती वाडगा ठेवते आणि ठेवता ठेवता बोटाने जरासा फिरवते. फुटका काठ पलीकडे जातो. बास. कुणी काही बोलत नाही, कॅमेराही जवळ जात नाही. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा प्रोजेक्टरच्या टेबलाला धरून उभा होतो, आणि हात सोडता येईना.

कळवणला ती वाडगा फिरवत होती तेव्हा मी माईकवर कंबरदुखीचा विनोद करत होतो.

डोंगरातला पाडा

अभोण्याच्या रस्त्याने पश्चिमेला निघालो की मुलूख बदलतो. कांदा मागे राहतो, डोंगर जवळ येतात, उतारावर नागलीची, म्हणजे नाचणीची, कापलेली खुंटं आणि खाली दरीत भाताची खाचरं दिसतात. मला धानाच्या पेंढ्याचा वास आला आणि मी उगाच गाडी हळू केली. इतकी वर्षं नाशिकला राहून मला माहीतच नव्हतं की अर्ध्या दिवसाच्या अंतरावर माझ्या गावचा वास आहे. फरक एवढाच की आमचं धान सपाटीवर, इथलं डोंगराला कुरतडून केलेल्या पायऱ्यांवर. आणि प्रत्येक पायरीला दगडी बांध.

सुरगाण्याच्या अलीकडे एका पाड्यावर आमचा शेवटचा खेळ होता. तिथली वीज भारनियमनात गेलेली, म्हणून जनरेटर बरोबर आणला होता. तो घरांच्या मागच्या घळीत ठेवून लांब वायर ओढली, म्हणजे आवाज कमी येईल. पडदा खळ्यात, दोन आंब्यांच्या मधे. वारा एवढा की पडद्याचं शीड झालं आणि मोहिते सर एका दोरीसकट चार पावलं ओढत गेले. पाड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सरही हसले. मग त्यांनीच पडद्याला खालून दगड बांधायची युक्ती काढली.

ज्यांच्या खळ्यात खेळ होता त्या पारीबाईंनी आम्हाला जेवू घातलं. नागलीची काळीसावळी भाकर आणि सालीच्या उडदाची घट्ट आमटी. त्या म्हणाल्या, "परवा गाडी येनार. द्राक्षावर जायाचं. मग पाड्यात म्हातारी मानसंच." आमचीही माणसं धान निघाल्यावर बाहेर कामाला जातात. मी म्हटलं, आमच्याकडेही असंच. त्यांनी आणखी एक भाकर वाढली.

पारीबाईंचे सासरे देवजीबाबा. पाड्यात त्यांना मान. काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करून तिच्यावरून बोटं ओढतात, त्याचा गुंगुं आवाज निघतो आणि त्या सुरावर ते गोष्टी गातात. समोर बसलेला एक जण 'हं' म्हणत जातो. हुंकार देणारा नसला तर गोष्ट सांगायची नाही, असा तिथला रिवाज. बाबांनी मला खळ्यात बसवलं.

"पिक्चर कशाचा हाय?"

"चीनचा, बाबा."

"ते समजलं. गोठ काय?" गोठ म्हणजे गोष्ट.

मी मोहिते सरांकडे बघितलं. क्लबाचा नियमच होता, आधी गोष्ट सांगायची नाही. सर पुढे झाले.

"बाबा, ती आता पडद्यावर दिसेलच की."

"दिसंल. पन गोठ म्हायती नसंल तर मानूस, आता काय व्हनार, आता काय व्हनार, करत पुढंच पळत राहतो. बघंल कवा?"

"बरं, थोडी सांगतो. पण शेवट नको हं. शेवट कळला की मजा जाते."

देवजीबाबा असे हसले की त्यांना खोकला आला. "सायेब, माझ्या गोठीतली रानी शेवटाला निघून जाते. पाड्यातल्या कुत्र्यालाबी म्हायती हाय. तरी लोक बसतात. त्यांची मजा कुठं जाते मग?"

सर माझ्याकडे वळले. "शालिक, शेवट सांगाल तर सगळा खेळ गेला, बरं का."

मला कळेना कुणाचं ऐकावं. सरांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं, त्यांच्या शब्दाबाहेर जायची माझी हिंमत नव्हती. पण सटाण्याचे लोक आठवले. ते सगळा वेळ मारामारीची वाट बघत होते, म्हणून त्यांना दगड दिसलाच नाही. आणि मला स्वतःला तो पिक्चर सगळ्यात जास्त कधी आवडला? तिसऱ्या-चौथ्या वेळी, सगळा पाठ झाल्यावर.

"सर," मी म्हटलं, "इथं सांगू द्या."

सर माझ्या शेजारीच मांडी घालून बसले.

सगळा पाडा जमला. मी माईक घेतला नाही. साधं सांगितलं, जसं माय शेजारणीला सांगते तसं. बाबा हुंकार देत होते.

"एक म्हातारा हाये आणि त्याची सून."

"हं."

"पोरगा शहरात गेला. त्यांचा बांध पावसात वाहून गेला."

"हं. जातो."

"मग दोघं हिवाळाभर बांध रचतात. बोलत नाहीत."

"हं."

"नव्या सालाला पोरगा येत नाही. बायकोला बोलावणं धाडते. शेवटी सून बसमध्ये बसून जाते, म्हातारा एकटाच राहते."

पारीबाईंनी विचारलं, "म्हातारा तिला आडवत नाय?"

"नाही."

"ती रडते?"

"नाही. तिची लाल वाकळ त्याच्यासाठी ठेवून जाते."

"आन बांध? पुरा व्हतो का?"

"होतो."

"मग ठीक हाय," देवजीबाबा म्हणाले. "दाखव आता."

धुकं सुरू झालं. ठक. कुणी बोललं नाही. परत ठक. लोक पुढे झुकून त्या धुक्यात काहीतरी शोधत होते, जसं आपण गर्दीत आपलं माणूस शोधतो. आणि एका म्हातारीने हळूच बोट दाखवलं, "ती बघ, खाली डावीकडं. वाकली हाय."

मी बघितलं. खरंच होतं. धुकं अजून वर गेलेलं नव्हतं, पण आत एक पुसट करडा ठिपका हलत होता. इतक्या वेळा मी हा पिक्चर लावला, धुकं उठायची वाट बघत बसलो, पण धुक्यात कधी बघितलंच नव्हतं. ती तिथे पहिल्यापासून होती. कॅमेऱ्यावरच्या त्या चिनी माणसाने तिला तिथे ठेवली होती आणि इतक्या लांबच्या एका पाड्यात ती सापडली. अनुताईंनी माझा दंड घट्ट धरला.

मग मला काही करायचं उरलं नाही. मी नुसता वायरीजवळ उभा राहिलो. म्हातारा दगड फिरवून त्याचं तोंड, म्हणजे बसायची बाजू, शोधायचा तेव्हा पुरुषांमधून बारीक 'हं' यायचा. दाराच्या चौकटीतून सून पाण्याचं भांडं घेऊन गेली, चौकट बराच वेळ रिकामी राहिली, तरी कुणाची मान हलली नाही. रिकामी चौकट बघणारे एवढे डोळे मी इंदिरानगरातही बघितले नव्हते. लाल वाकळ बांधावर पसरली तेव्हा तिचा रंग पुढच्या बायांच्या चेहऱ्यांवर उतरला.

वाडगा आला. तिने तो ठेवला आणि बोटाने जरासा फिरवला.

"हं," बाया म्हणाल्या. सगळ्या एकदम, हळू.

मी मान खाली घातली, कारण डोळ्यांचं काही खरं नव्हतं. अभिमान कुणाचा वाटावा तेच समजेना. त्या सुनेचा, पिक्चर काढणाऱ्यांचा, की या खळ्याचा? सगळ्यांचाच वाटला. आणि थोडा माझाही, आता लपवून काय करू.

शेवट आला. बस वळणं घेत उतरत जाते, लहान लहान होत जाते. पुढे बांध, बांधावर वाकळ मांडीवर घेऊन बसलेला म्हातारा. कॅमेरा हलत नाही. बस एका वळणाआड जाते, खालच्या वळणावर परत ठिपक्याएवढी दिसते, मग नाही. मग पडदा काळा, आणि नावं.

कुणी उठलं नाही.

नावंही संपली. पडदा पांढरा झाला. तरी कुणी उठलं नाही. मोहिते सर माझ्या कानाशी कुजबुजले, "काय झालं? यांना कळलं नाही का, संपलं म्हणून?"

मीही घाबरलो. मशीन बंद करायला वाकलो तसा देवजीबाबांनी हात वर केला. "राहू दे जरा. आताच गेली ती."

मग आम्ही सगळे तसेच बसून राहिलो, पांढऱ्या पडद्यापुढे. वारा पडला होता. थोड्या वेळाने एक म्हातारा उठला, मग एक बाई, पेंढा झटकत. मोठ्याने कुणीच बोललं नाही. पारीबाई अनुताईंजवळ येऊन उभ्या राहिल्या. "वाकळ ठेवली ते बरं केलं," म्हणाल्या. "थंडी लय असते मागं राहनाऱ्याला." आणि सासऱ्यांचा हात धरून त्यांना घराकडे घेऊन गेल्या.

परतताना

सकाळी उजेडात तिथले बांध बघितले. मोहिते सर एका बांधापाशी बराच वेळ उभे होते. चुन्यासिमेंटाशिवाय दगड कसा धरून राहतो, ते बोटं घालून बघत होते. इंजिनिअर माणूस. मग येऊन पुढच्या सीटवर बसले. अनुताई मागे प्रोजेक्टर मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मी कितीही म्हटलं तरी खाली ठेवेनात.

घाट उतरेपर्यंत विचारायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी सरच म्हणाले, "मी आयुष्यभर बायकोला पिक्चरचा शेवट सांगू दिला नाही. ती सांगायला लागली की कान बंद करायचो."

मागून अनुताई हसल्या.

"शालिक, पुढचं गाव कुठलं घ्यायचं? तुम्हीच सुचवा."

रस्त्यावर नजर ठेवून मी माझ्या गावाचं नाव सांगितलं. भंडारा जिल्हा, म्हटलं. तिथं आता नाटकाचे दिवस आहेत. माझी माय पहिल्या रांगेत बसेल.

"भंडारा?" सरांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे राज्याच्या पार त्या टोकाला!"

"हो सर."

सरांनी खिडकीतून मान बाहेर काढून पुढचं चाक बघितलं. मग म्हणाले, "तिकडे जायचं तर जीपचे टायर बदलून घ्यावे लागतील."